दोनशे साठपर्यंत सुरक्षित

दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दोन सीटांच्या गाडीला टर्बो बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा त्यांना एकाच प्रश्नानं पछाडलं. इंजिनाची त्यांना काळजी नव्हती. हवा जास्त कोंबली की इंजिन जास्त जोर करणार, हे त्यांना पटलं होतं. प्रश्न होता मागच्या दोन चाकांच्या मधल्या डब्याचा. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त धाव पडते, आतल्याला कमी. म्हणून हा डबा दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात. डॉक्टरांच्या गाडीत त्याची जरा शहाणी जात होती, लिमिटेड स्लिप. एक चाक घसरायला लागलं तर ती त्याला मोकाट सुटू देत नाही, दुसऱ्यालाही कामाला लावते. पण कारखान्यानं हा डबा बसवला होता एकशे चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनासाठी. टर्बोनंतर तो किती सोसेल?

"इंटरनेटवर विचारलं," वर्कशॉपच्या काउंटरवर कोपर टेकून डॉक्टर सांगत होते. "एक म्हणतो दोनशेला मोडेल. दुसरा म्हणतो चारशेलाही काही होत नाही. तिसरा म्हणतो, माझ्या मेव्हण्याचा टर्बो न लावताच मोडला. मला एक आकडा हवाय. सही केलेला."

"मग योग्य जागी आलात," वर्कशॉप चालवणारा दादा म्हणाला आणि त्यानं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "मास्तरीण, बाहेर ये गं."

मास्तरीण म्हणजे दादाची धाकटी बहीण. पदार्थविज्ञान शिकून तिनं दोन वर्षं कॉलेजात शिकवलं, वडील गेल्यावर ती वर्कशॉपमध्ये आली, आणि पहिल्याच दिवशी तिनं प्रत्येक पान्याच्या खुंटीखाली चिठ्ठी चिकटवली. तेव्हा काकांनी तिला हे नाव दिलं. काका म्हणजे वडिलांच्या हाताखाली आलेले पहिले फिटर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सोडून ते कशाला हात लावत नसत. "बाकीचं काम येतं मला," ते म्हणत, "पण येतं म्हणून करावं असं थोडंच आहे."

मास्तरणीच्या ताब्यात रोलर होता. जमिनीच्या खड्ड्यात बसवलेला एक लांबलचक पोलादी रोलर. गाडीची मागची चाकं त्याच्यावर चढवायची, गाडी पट्ट्यांनी चारी बाजूंनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. पडद्यावर रेघ उमटते. इंजिन किती जोर करतं ते त्या रेघेवर कळतं. दादाला त्या रेघेचं कौतुक होतं. गिऱ्हाइकांना तर फारच. चौकटीत लावून दिवाणखान्यात टांगणारेही होते.

टर्बो बसला. काकांनी डबा उघडून आतल्या चकत्या तपासल्या, दोन सील बदलले, दात एकमेकांत नीट बसतात की नाही ते रंगीत लेप लावून, त्याचा ठसा बघून पाहिलं आणि पुन्हा बंद केला. मग मास्तरणीनं गाडी रोलरवर घेतली आणि सात वेळा पळवली, प्रत्येक वेळी दोनशे चोपन्नच्या आसपास. तेलाचं तापमान ठीक, थरथर ठीक, आवाज ठीक. आठव्यांदा तिनं हवेचा दाब थोडा वाढवून दोनशे साठ गाठले. डबा हूं की चूं करेना. डॉक्टर तिच्या खांद्यामागे उभे होते, वर्कशॉपचा रंगारी तोंडावरचा मुखवटा कपाळावर सरकवून बघायला आला होता, दादा तर होताच.

"एक विचारू का?" काका म्हणाले. ते चिंधीनं हात पुसत आले होते. "रोलर एकच आहे ना गं, इकडून तिकडे? मग दोन्ही चाकं एका चालीनंच फिरणार. हा डबा तर वळणावर कामाला लागतो. तू त्याला झोपवून त्याची ताकद मोजतेयस."

तिला राग आला. शंकेचा नव्हे. डॉक्टर वही उघडून आकडा लिहून घेण्याच्या बेतात होते आणि त्यांचं पेन थांबलं, त्याचा. मागच्याच महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

"काका," ती म्हणाली, "नवे डोळे बसवून घेतलेत, आता तरी पडद्यावरचं बघा."

रंगारी खो खो हसला. डॉक्टर हसले, दादा हसला. काकाही हसले, जरा उशिरानं.

"बघतो बाई," ते म्हणाले. "उंटावर बसलं की लांबचं दिसतं म्हणतात."

कागदावर तिनं लिहिलं: 'मूळ लिमिटेड स्लिप डिफरन्शियल टर्बोसह दोनशे साठ अश्वशक्तीपर्यंत सुरक्षित.' खाली सही केली, तारीख घातली. डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून आपल्या गाडीवेड्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'अखेर मेव्हण्यांपासून सुटका.' त्या आठवड्यात तशीच गाडी असलेले तिघे वर्कशॉपमध्ये आले. पुढच्या आठवड्यात आणखी दोघे.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रोलरवर अशीच एक गाडी होती. टायर रोलरवर सरकत तर नाही ना, हे बघायला ती दोन्ही टायरांवर खडूची एकेक आडवी रेघ ओढत असे. तिची नेहमीची पद्धत. गाडी सावकाश फिरत होती. डावी रेघ वर आली, उजवी वर आली. डावी खाली गेली, उजवी खाली गेली. तिनं मनाशी शंभर फेरे मोजले. दोन्ही रेघा जोडीनं वर येत होत्या, जोडीनं बुडत होत्या, केसाइतकाही फरक नाही. म्हणजे डब्याच्या आतले चार छोटे गिअर, जे वळणावर एकमेकांवर फिरतात, ते इथं फिरतच नव्हते. चकत्या एकमेकींवर घासत नव्हत्या. एखादं चाक उचललं जाऊन पुन्हा जमिनीला टेकतं तेव्हाचा हिसका इथं नव्हता. शिवाय ती मोजणी करत होती चौथ्या गिअरमध्ये. वळणातून बाहेर पडताना माणूस दुसऱ्यात असतो, आणि दुसऱ्यात डब्यापर्यंत पोचणारा पीळ, म्हणजे टॉर्क, चौथ्याच्या दुप्पट असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिनं हे फळ्यावर शिकवलं होतं.

तिनं इंजिन बंद केलं. डॉक्टरांना फोन करायचा म्हणून फोन हातात घेतला, तर त्यांचाच निरोप आलेला: 'आणखी एका मित्राला पाठवतोय. तुमचं नाव झालंय आता.'

तिनं फोन खाली ठेवला. आधी हिशेब तरी करून बघू, असं स्वतःला सांगत तिनं कागद घेतला. दुसरा गिअर धरला, एक चाक हवेत धरलं, दातांची जाडी धरली. पान अर्धं भरलं तेव्हा उत्तर कुठल्या बाजूला झुकतंय ते दिसायला लागलं. तिनं पेन ठेवलं. गणित अर्ध्यावर सोडायची तिची ती पहिलीच वेळ. कारखानेवाले भरपूर वाव ठेवतात, असं तिनं मनाशी म्हटलं. पुढच्या सर्व्हिसिंगला डॉक्टर येतीलच, तेव्हा सहज बोलता येईल. आणि जसजसे दिवस गेले तसतसं सांगण्यासारख्या गोष्टी दोन झाल्या: आकडा चुकला ही एक, आणि इतके दिवस गप्प बसले ही दुसरी. पहिली सांगायला जीभ रेटली असती. दुसरी रेटेना.

नवव्या रविवारी डबा मोडला. डॉक्टर दर रविवारी जात त्या शर्यतीच्या बंदिस्त रस्त्यावर, एका अरुंद वळणातून बाहेर पडताना आतलं चाक कडेच्या उंचवट्यावर चढलं, उचललं गेलं, परत टेकलं. डॉक्टरांनी पाय काढला नव्हता. मागची चाकं जागच्या जागी जखडली, गाडी दोनदा फिरली आणि रचलेल्या टायरांच्या भिंतीत शिरली. डॉक्टरांचं उजवं मनगट मोडलं. बाकी काही नाही, असं सगळे म्हणाले. पण दातांच्या डॉक्टरला उजव्या मनगटाशिवाय बाकी काय असतं?

"मी पेशंटना सांगतो, महिनाभर कठीण चावू नका," हात गळ्यात अडकवून ते वर्कशॉपमध्ये आले तेव्हा म्हणाले. "गाडीला सांगायचं राहून गेलं." मग दादाला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, पण मास्तरणीला ऐकू गेलंच. "कुणावर राग नाही हो माझा. पण तो डबा त्या काकांनी उघडला होता ना? डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं म्हणे. त्या दिवशी बोलणं निघालं होतं."

बोलणं निघालं होतं. कुणी काढलं, ते डॉक्टरांना आठवत नव्हतं.

काका तिथंच, चार हातांवर होते. त्यांनी हातातला पाना जागेवर टांगला. "चुकलं असेल माझं," ते म्हणाले. "ऑपरेशन झाल्यापासून रंग मला जरा निळे दिसतात. लेपाचा ठसा वाचताना..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"राहू द्या काका," दादा म्हणाला. "मास्तरीण उघडून बघेल."

काकांनी हात धुतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. कोट चढवला आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत.

तिनं डबा उघडला. काळ्या तेलातून दातांचे तुकडे चिमट्यानं काढले, रॉकेलमध्ये धुतले, पांढऱ्या कागदावर मांडले. सर्वात मोठं दातेरी चाक, ज्याला क्राउन म्हणतात, ते शाबूत होतं. जुळणी चुकली असती तर त्याच्या दातांवरची घासणीची खूण एका टोकाला सरकली असती. ती प्रत्येक दातावर बरोबर मधोमध होती, बदामाच्या आकाराची, जणू कुणी बोटानं टेकवलेली. निळं दिसो की पिवळं, काकांचा हात चुकला नव्हता.

मोडले होते आतले छोटे गिअर. मोडलेल्या बाजूवर तिनं भिंग धरलं. धातू एका दमात तुटला तर बाजू खडबडीत, चमचमती दिसते. दमादमानं चिरत गेला तर वलयं उमटतात, झाडाच्या खोडातल्यासारखी. प्रत्येक वेळच्या मारानं चीर थोडी पुढे सरकते आणि थांबते. तिनं वलयं मोजली. मग डॉक्टरांची गाडीतली वही काढून त्यांच्या फेऱ्या मोजल्या. नऊ रविवार. पहिली तीन वलयं अगदी जवळजवळ होती, नखाच्या कडेएवढ्या जागेत तिन्ही मावत होती. त्या वेळी तिला माहीत नव्हतं. पुढची सहा एकीपेक्षा एक रुंद होत गेली होती. त्या वेळी तिला माहीत होतं.

रंगारी चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली.

"काय निघालं?" दादानं विचारलं.

तिनं सांगितलं. खडूच्या रेघांचंही सांगितलं. दादानं दार लोटून घेतलं आणि तो खुर्चीवर उलटा बसला, पाठीवर हनुवटी टेकून, लहानपणी बसायचा तसा.

"म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला, एवढंच ना?"

"एवढंच नाही. मोती पेलेल असं मी लिहून दिलं."

"हे बघ," दादा म्हणाला. "माणूस चुकला म्हटलं की लोक दोन महिन्यांत विसरतात. कागद चुकला म्हटलं की आपला प्रत्येक कागद खोटा ठरतो. काका तसेही थकलेत. त्यांना कुणी बोल लावत नाहीये. ते स्वतःच म्हणाले की नाही, चुकलं असेल म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी आहे, दादा. झाकण काकांचं."

"मी तुला खोटं लिही म्हणत नाहीये."

आणि तिनं खोटं लिहिलं नाही. तिच्या विद्येनं तिला याहून सोयीचं काहीतरी शिकवलं होतं. अहवालात तिनं लिहिलं, 'जुळणीतील दोषाची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.' तसं पाहिलं तर जगातली कुठलीच शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. वाक्य शास्त्रशुद्ध होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तिनं आयुष्यात लिहिलेलं सर्वांत हलकट वाक्य ते होतं, आणि हे तिला लिहितानाच कळत होतं.

तीन आठवडे गेले. चौथ्या सोमवारी सकाळी काकू आल्या, काकांच्या पत्नी. वर्कशॉपमध्ये त्या सहसा येत नसत. हातात फडक्यात बांधलेली वस्तू होती. सोडली तर आत काकांचं मोजमापाचं घड्याळ. दातांमधली फट मोजायचं. तेल लावून, पुसून लख्ख केलेलं.

"वर्कशॉपची वस्तू घरात नको म्हणाले," काकू म्हणाल्या. "ज्याच्या हाती द्यायची त्याच्या हाती द्या. आता काय, घरीच असतात. बरं असतात तसे." त्या उगाच फडक्याची घडी घालत राहिल्या. "सुया ओवत बसतात."

"सुया?"

"माझ्या शिवणाच्या. सकाळी उठले की सुई-दोरा घेऊन खिडकीत बसायचं. ओवायची, उशीला टोचायची, दुसरी घ्यायची. मी म्हटलं, शिंपी व्हायचंय का या वयात? तर म्हणतात, हात हलतो का ते बघतोय. मला तर हलताना दिसत नाही, बाई. पण त्यांना दिसतो."

मास्तरणीनं एप्रन काढला. "मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

काका खरंच खिडकीत होते. तिला पाहून त्यांनी सुई चटकन उशीला टोचली, लहान मुलानं उष्टा हात पाठीमागे लपवावा तशी.

"ये. बस. काकू चहा टाकेल."

ती बसली नाही. येताना तिनं वाक्यं जुळवली होती, पण ती सगळी 'शक्यता'नं सुरू होत होती. शेवटी तिनं सरळ सांगितलं. डबा त्यांच्या हातानं मोडला नाही. क्राउनवरची खूण मधोमध आहे. चूक तिच्या आकड्याची आहे, त्यांनी विचारलं तेच बरोबर होतं.

काका ऐकत होते. मग त्यांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, जणू ते कुणीतरी नुकतेच परत आणून दिले होते.

"कधी कळलं तुला?"

'डबा उघडल्यावर' असं म्हणता आलं असतं. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही.

"तिसऱ्या आठवड्यात," ती म्हणाली. "मोडायच्या आधी दीड महिना."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"आणि हे?" काकांनी उशीकडे बोट केलं. "हे तीन आठवडे?"

तिनं उशीतल्या सुयांकडे पाहिलं.

"मी पाणी पिताना पेला दोन हातांनी धरतो हल्ली," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "घरी कुणी आलं तर आधी मागतच नाही पाणी. चौतीस वर्षांत एकदाही या हातांवर शंका आली नाही मला. ती तू एका वाक्यात आणलीस, आणि एका वाक्यात काढायला तुला तीन आठवडे लागले."

"माझं चुकलं, काका."

"ते झालंच. डॉक्टरांना सांगितलंस?"

"आधी तुमच्याकडे आले."

"का?"

तिला उत्तर माहीत होतं. काका रागावतील आणि मग जवळ घेतील, असं कुठेतरी तिनं धरलं होतं. ते घरचे होते.

"मोडलं त्यांचं," काका म्हणाले. "आधी तिकडे जायचं होतं. जा आता. चहा नंतर कधीतरी."

काकूंनी दारापर्यंत सोबत केली नाही.

डॉक्टरांचा दवाखाना उघडा होता, पण आत पेशंट नव्हता. दातांची खुर्ची प्लास्टिकनं झाकलेली. डॉक्टर टेबलाशी बसून डाव्या हातानं पाटीवर अक्षरं गिरवत होते. पाटी बहुधा मुलीची असावी.

"या, या. तुमचे दात दुखत असतील तर महिनाभर थांबा," ते म्हणाले. "डाव्या हातानं काढले तर शेजारचा निघेल."

तिनं सांगितलं. या वेळी वाक्यं आपोआप त्याच क्रमानं आली, पण सोपी झाली नव्हती. डॉक्टरांनी पाटी बाजूला सारली. बराच वेळ त्यांनी काही विनोद केला नाही.

"म्हणजे सहा रविवार," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं, आणि मी तिथं जात होतो. त्यातल्या दोन रविवारी मुलगी शेजारच्या सीटवर होती. माहितीय तुम्हाला?"

वहीत ते नव्हतं. तिला माहीत नव्हतं.

"आणि मी त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल सगळ्या ग्रुपवर बोललो," डॉक्टर म्हणाले. "दयेनं बोललो, हेच जास्त वाईट. ते माझं मी निस्तरतो. तुमच्या त्या कागदावर अजून किती जण फिरतायत?"

"अकरा."

"फोन केलेत त्यांना?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग माझ्याकडे काय करताय?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाटी पुन्हा पुढे ओढली आणि मान खाली घातली. तिला कळलं की आपण आता निघायचं आहे.

वर्कशॉपमध्ये पोचेपर्यंत तिनं एक गोष्ट ठरवली होती: कुणालाही लेखी निरोप पाठवायचा नाही. निरोपात वाक्य हवं तसं गुळगुळीत करता येतं. तिनं काउंटरवरची फाइल काढली, अकरा नावं एकाखाली एक लिहिली आणि पहिला नंबर फिरवला. दादानं यादी वाचली.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"निदान 'नवीन माहिती मिळाली' असं तरी म्हण."

"नवीन नाहीये ती, दादा."

दादानं भिंतीवरची चौकट उतरवली. नमुन्याची म्हणून लावलेली रोलरवरची रेघ. कुठं ठेवावी ते त्याला सुचेना, तो ती हातात घेऊनच उभा राहिला.

पहिल्यानं शिवी दिली. दुसऱ्यानं आभार मानले आणि फोन लगेच कापला. तिसरा म्हणाला, मी तर गाडी विकली, आता घेणाऱ्याला काय सांगू? तिनं त्या नव्या माणसाचा नंबर मागून घेतला आणि यादीत बारावं नाव लिहिलं. चौथा हसला, म्हणाला, "अहो, मी तीनशे केलेत, काही होत नाही." त्याला तिनं वलयांचं सगळं सांगितलं, तेव्हा तो हसायचा थांबला. "मग खरा आकडा किती?" त्यानं विचारलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "वळणावर मोजल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. कळेपर्यंत दाब पहिल्यासारखा करून घ्या, आम्ही करून देऊ." पाचव्यानं फोन उचलला नाही. सहाव्याच्या बायकोनं उचलला, आणि तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून, डिफरन्शियल म्हणजे काय इथून सांगावं लागलं.

सातवा नंबर लावताना दारात सावली आली. काका होते. कोट अंगात, पायात वर्कशॉपचे बूट. तिच्याकडे न बघता ते आत गेले. मोडलेल्या डब्याच्या मेजापाशी थांबले, क्राउन उचलून दाराच्या उजेडात आणलं आणि डोळ्यांजवळ धरून एकेक दात फिरवत पाहिला. पूर्ण फेरी झाल्यावर आणखी एक फेरी पाहिली. मग दादाला विचारलं, "हे मी घरी नेऊ का? काकूला दाखवायचंय."

"न्या की," दादा म्हणाला.

तिकडे सातव्यानं फोन उचलला. तरुण आवाज, मागे गाड्यांची घरघर. "बोला मॅडम. तुमचा कागद गाडीतच ठेवलाय मी."

ती बोलायला लागली. मागच्या भिंतीशी हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता, त्यामुळे तिला आवाज चढवावा लागत होता आणि समोरचा सारखा "काय? काय म्हणालात?" करत होता. रोलरपर्यंतचं त्यानं ऐकलं. खडूच्या रेघांपर्यंतचं ऐकलं. आता ते वाक्य आलं होतं. दर वेळी तिथं ती अडखळत होती, आणि कॉम्प्रेसरच्या आवाजात ते थोडं पुसट झालं तर बरं, असं दर वेळी तिला वाटत होतं.

काका क्राउन फडक्यात गुंडाळत होते. ते त्यांनी मेजावर ठेवलं, चालत भिंतीपाशी गेले आणि कॉम्प्रेसर बंद केला.

वर्कशॉप एकदम गप्प झालं. रंगाऱ्यानं मुखवटा काढला. दादा चौकट हातात घेऊन तसाच उभा.

"हां, आता येतंय ऐकू," फोनमधला म्हणाला. "काय म्हणालात?"

"मला हे दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं," मास्तरीण म्हणाली, "आणि मी कुणाला सांगितलं नाही."